वळणाच्या आधी

पोळ्याला घरी जायचं म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढून ठेवलंच होतं. आदल्या रविवारी ताईचा फोन आला.

"तू येऊन राहिला ना? मग तुझ्या भाच्याशी जरा बोल. ड्रिफ्ट का काय ते करून राहिला म्हणे. शेजारच्या काकूंनी व्हिडिओ दाखवला. मला तर पूर्ण पाहवला नाही."

म्हटलं, बरं, बोलतो. भाऊ पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात आहे, म्हणजे चार चाकांच्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा शब्द चालतो, अशी ताईची समजूत आहे. खरं तर माझं काम फार छोट्या जागेतलं. गाडीची चाकं सस्पेन्शनवर कशी उभी राहतात, वळताना किती कलतात, टायर कुठल्या बाजूनं झिजतात, हे मोजत बसायचं. गेली बावीस वर्षं तेच. घरी कुणाला समजावून सांगायला गेलो की दुसऱ्या वाक्याला जांभया सुरू होतात. भाच्याला मात्र होत नाहीत. अडचण तीच होती.

आमचं सावंगी म्हणजे वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे). विदर्भात सावंगी नावाची गावं इतकी आहेत की कंसातलं मेघे सांगितल्याशिवाय पत्र पोचायचं नाही. (शेजारच्या सिंदी, बोरगाव, पिपरीच्या मागेही मेघे आहेच, म्हणजे पोस्टमनचे हाल संपले असं नाही.) वर्ध्यापासून पाचेक किलोमीटर, यवतमाळ रोडवर. १९९० मध्ये इथे मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि कपाशी-तुरीचं गाव हळूहळू दवाखान्याचं गाव झालं. भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्स, रात्री उशिरापर्यंत चहाच्या टपऱ्या, आणि सगळीकडे विशीतली मुलं, गाड्यांवरची.

या मुलांच्या बाबतीत गाव जरा हळवं आहे. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी खाली कोसळली आणि इथल्या मेडिकलचे सात विद्यार्थी एका रात्रीत गेले. त्याचा ड्रिफ्टशी काडीचा संबंध नाही, पण तेव्हापासून ताईला रात्री मुलगा गाडी घेऊन बाहेर गेला की झोप लागत नाही. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मला दाजींनी सांगितलं.

भाचा वर्ध्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोरगा गुणी आहे. त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून गेलो, आणि अर्ध्या तासात तोच मला शिकवायला लागला. क्लच किक काय, फेंट काय, एलएसडी काय. आमच्या वेळी हे शब्द ऐकायलासुद्धा मिळायचे नाहीत. याला मोबाइलवर सगळं पाठ.

"व्हिडिओ दाखव तुझा," म्हटलं.

दाखवला. दाजींची हॅचबॅक, रात्रीचा रिकामा रस्ता, वेग घेऊन स्टिअरिंग वळवायचं आणि हॅन्डब्रेक खेचायचा. मागची चाकं कुलूप लावल्यासारखी थांबतात, शेपूट फिरतं, गाडी आडवी होऊन थांबते. बाजूला मित्रांच्या शिट्ट्या.

"हे ड्रिफ्ट नाही बेटा," मी म्हटलं. "ही फुगडी आहे."

तो ओशाळला नाही. म्हणाला, "माहीत आहे ना मामा. ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, हिच्यात होतच नाही. म्हणून तर आम्ही तिघं कॉन्ट्री करून एक ओम्नी घेऊन राहिलो. भंगारात निघालीय, इंजिन चांगलं आहे. ओम्नी रिअर व्हील असते. डिफरेन्शियल वेल्ड करून टाकायचं, मागचे टायर टणक भरायचे. झालं."

ओम्नी म्हटल्यावर माझ्या पोटात जे झालं, ते त्याला कळण्याचं कारण नव्हतं.

आमच्या घरी ओम्नी होती. बाबांचा दुधाचा धंदा. पहाटे चार-साडेचारला देवळीकडच्या दोन-तीन गावांतून दूध गोळा करायचं आणि सहाच्या आत वर्ध्याच्या हॉटेलांत नि घरांत पोचवायचं. येताना कधीमधी गोरस पाकचा पुडा आणायचे, त्यासाठी आम्ही दोघं भावंडं दारात बसून असायचो. मागच्या सीटा काढलेल्या, तिथे दुधाचे कॅन. ज्यांनी ओम्नी चालवली नाही त्यांना सांगतो, त्या गाडीला बोनेट नावाचा प्रकार नव्हता. इंजिन पुढच्या सीटखाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ड्रायव्हरचे पाय पुढच्या पत्र्यापासून वीतभर लांब. उंची सव्वापाच फुटांच्या वर, रुंदी पावणेपाच फुटांच्या आत. पुढच्या-मागच्या चाकांत १८४० मिलिमीटर अंतर, म्हणजे मोठा माणूस आडवा झोपेल तेवढंच. चाकं बारा इंची, रिक्षाची मोठी बहीण शोभावी अशी. १९८४ पासून २०१९ पर्यंत मारुतीनं ती विकली. दूध, शाळेची पोरं, पेशंट, लग्नाचं सामान, या गाडीनं काय काय वाहून नेलं याला गणती नाही. पण उंच, अरुंद आणि आखूड गाडी म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला आकडे बघूनच कळतं. स्टुलावर घागर ठेवल्यासारखं.

बाबांना यातला एकही आकडा माहीत नव्हता. पण ते गाडी अशी चालवायचे की कॅनमधलं दूध हलायचं नाही. वळण यायच्या बरंच आधी ब्रेक, तोही हळूहळू पाय दाबत. मग पाय उचलायचा, तोही हळूहळू. मग वळायचं. मग बाहेर पडताना थोडं थोडं ॲक्सिलरेटर. कॅनचं झाकण घट्ट नसायचं, सांडलं तर रोजचा नफा गेला. दुधानं त्यांना शिकवलं होतं.

गंमत म्हणजे जपानमध्ये नेमकी हीच गोष्ट एका मंगा-मालिकेत आहे. इनिशियल डी, १९९५ मध्ये सुरू झालेली. त्यातला पोरगा पहाटे डोंगरातल्या रस्त्यानं टोफू पोचवतो, बाप त्याच्या गाडीत पाण्यानं भरलेला पेला ठेवतो, सांडायचा नाही अशी अट. पोरगा न सांडता वेगात उतरायला शिकतो आणि पुढे सगळ्यांना हरवतो. भाच्याला ती तोंडपाठ. त्याला म्हटलं, तुझे आजोबा चाळीस लिटरच्या कॅनवर हेच करायचे. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण आवडलं.

आता ड्रिफ्ट म्हणजे काय, ते सांगतो. ज्यांना फक्त टायरचा धूर आठवतो त्यांच्यासाठी.

टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या तुकड्यानं. असे चार तळहात, त्यावर आख्खी गाडी. प्रत्येक तळहाताची पकड त्यावर किती वजन आहे यावर ठरते. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागचे दोन तळहात हलके होतात. ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे. डावीकडे वळलात की उजवीकडे. गाडी चालवणं म्हणजे हे वजन इकडून तिकडे नेणं, आपल्याला जाणवो न जाणवो. ड्रिफ्टवाला हेच वजन मुद्दाम अशा वेळी हलवतो की वळणाच्या तोंडाशी मागची पकड सुटावी आणि पुढची राहावी. मग मागची चाकं घसरत बाहेर जातात, तो स्टिअरिंग उलट बाजूला देतो, आणि पुढे ॲक्सिलरेटरवर ती घसरण तोलून धरत वळण पार करतो.

सुरुवात करायच्या रीती बऱ्याच. सगळ्यात सोपी हॅन्डब्रेकची, पोरांची आवडती. क्लच किक म्हणजे वळताना क्लच दाबून झटक्यात सोडायचा, चाकांना एकदम हिसका बसतो आणि ती सुटतात, पण त्याला इंजिनात दम लागतो. ब्रेकनं आत शिरायची रीत जास्त सुंदर. वळणात शिरता शिरता ब्रेक जरा जास्त वेळ धरून ठेवायचा, नाक दबलेलं, शेपूट हलकं, आणि गाडी आपसूक फिरायला लागते. आणि फेंट. म्हणजे उजवीकडे वळायचं असेल तर आधी गाडी किंचित डावीकडे टाकायची. वजन एका बाजूला जातं, स्प्रिंग दबतात, आणि उजवीकडे वळवलं की ते सगळं झोका घेतल्यासारखं दुसऱ्या बाजूला येतं आणि मागचं सुटतं. बर्फातल्या रॅलीवाल्यांनी ही रीत आधी वापरली, म्हणून तिला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात. आमच्याकडे पोरं झोपाळ्यावर उंच जायच्या आधी पाय मागे रेटतात, तसंच.

यातलं कुठलंही घ्या, गाडी वळणाच्या मध्यावर पोचेपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. किती वेगानं आलात, वजन कुठे होतं, नजर कुठे होती. नंतर फक्त सांभाळायचं. बाबांचंही तेच होतं, फक्त उलट हेतूनं.

ही कला शर्यतीच्या मैदानावर आणली ती कुनिमित्सु ताकाहाशी यांनी, सत्तरच्या दशकात. हे गृहस्थ मूळचे मोटरसायकलवाले, १९६१ साली ग्रां प्री जिंकणारे पहिले जपानी. त्यांना बघून केइची त्सुचिया शिकले, डोंगरातल्या रस्त्यांवर. त्यांची टोयोटा एई ८६ म्हणजे काही फार मोठी गाडी नव्हती, १६०० सीसीचं इंजिन, हलकी, मागची चाकं चालणारी. २००१ पासून डी-वन नावाची स्पर्धामालिका सुरू झाली. त्यात सगळ्यात आधी कोण पोचतो याला गुण नसतात. गाडी किती आडवी, कुठल्या रेषेनं, किती वेगात आत शिरली, याला असतात. म्हणजे नृत्याचं परीक्षण. मला हे फार आवडतं, हे कबूल करतो. ताईला सांगू नका.

आणि गाडीची बैठक, म्हणजे सेटअप. तो माझ्या रोजच्या कामाच्या बरोब्बर उलटा असतो. आम्ही साधी गाडी अशी बसवतो की पकड सुटायचीच झाली तर पुढच्या चाकांची आधी सुटावी. कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो, ब्रेक दाबतो, त्यानं वजन पुढे येतं आणि पुढची पकड परत मिळते. म्हणजे माणूस घाबरून जे करतो, त्यानंच तो वाचावा, अशी सोय. ड्रिफ्टच्या गाडीत ही सोय काढून टाकलेली असते. तिथे घाबरून पाय उचलणं हीच सगळ्यात मोठी चूक.

त्या गाडीची पुढची चाकं वरच्या बाजूनं आत झुकलेली असतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, कारण पूर्ण उलट स्टिअरिंग दिल्यावर टायरचा तळवा सपाट टेकायला हवा. कॅस्टर भरपूर ठेवतात. सायकलचा पुढचा फोर्क जरा पुढे तिरका असतो ना, त्यामुळे हँडल आपणहून सरळ होतं, तोच प्रकार. गाडी घसरायला लागली की स्टिअरिंग स्वतःच फिरून योग्य बाजूला जातं, हातानं फक्त सोडायचं आणि पकडायचं. मागचा कॅम्बर जवळजवळ शून्य, कारण ताकद तिथून जाते. मागे हवा जास्त, निदान अंगात जोर नसलेल्या गाड्यांत. आणि डिफरेन्शियल. साध्या डिफरेन्शियलमध्ये आतलं हलकं चाक एकटंच भिरभिरत बसतं, बाहेरच्याला काही मिळत नाही. म्हणून एलएसडी बसवतात, दोन्ही चाकांना ओढ मिळते. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते आतले गिअर वेल्डिंग करून जाम करून टाकतात. स्वस्तात काम होतं. पण ती गाडी मग चोवीस तास तशीच. साध्या चौकात वळताना मागची दोन्ही चाकं सारखीच फिरणार, कोरड्यात टायर उड्या मारणार, ओल्यात कधी शेपूट फिरेल सांगता येत नाही. आणि ओम्नीला मागे पाटे. तिथे कॅम्बर-बिंबर बसवायला काही जागाच नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं! मग म्हणाला, "म्हणजे पाटे बदलावे लागतील."

तेव्हा कळलं की माहितीनं हा थांबणार नाही. माहिती म्हणजे याला पेट्रोल.

संध्याकाळी मी मित्राकडे गेलो. आमच्याच आळीतला, पहिलीपासून बरोबरचा. त्याची ईको आहे, सावंगी ते वर्धा शाळेची पोरं आणतो-नेतो. लंगडतो. डावा पाय दीड इंच तोकडा.

"काऊन बे, आला का पुण्याचा शहाणा?" असं म्हणून त्यानं चहा मागवला. मी भाच्याचं सांगितलं. ओम्नीचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या आण त्याले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा नाही. माही गाडी घेऊ. पेट्रोल तू टाकशील. अन ओरखडा आला तर पुण्याले येऊन बसीन तुया घरी."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी पाऊस येऊन गेलेला. गावाबाहेर लेआउट पडलेलं आहे, अजून एकही घर नाही, नुसते मुरमाचे रस्ते आणि कोपऱ्यांवर दगड. मालक मित्राच्या ओळखीचा, त्याला विचारून घेतलं. ओला मुरूम हा शिकायला उत्तम, वीस-पंचवीसच्या वेगात कळायचं ते कळतं. काळ्या मातीत जायची सोय नाही, ती चाकाला लाडूसारखी चिकटते आणि गाडी रुतते. रस्त्यावर जायचा तर प्रश्नच नव्हता. मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम शर्यतींसाठी आहे, ते सोडा, पण समोरून येणाऱ्या बाईच्या सायकलीवर मागे पोर बसलेलं असतं.

डॅशबोर्डवर स्टीलचा पेला, अर्धा पाण्यानं भरलेला, खाली ओलं फडकं. पहिला तासभर भाच्याला तेवढंच करायला लावलं. विटांच्या मधून गाडी काढायची, पाणी सांडायचं नाही. तो वैतागला. "मामा, हे ड्रिफ्ट आहे का?" ब्रेक मारला की पाणी पुढे, सोडला की मागे, त्याच्या पँटवर. आठव्या-नवव्या फेरीला त्याचा पाय मऊ झाला. तो मऊ झाला हे त्याला कळायच्या आधी मला पाण्यावरून कळलं.

मग मोकळ्या चौकात जरा वेग, वळताना पाय उचलायचा. शेपूट हलकं झालं, सरकलं. त्यानं स्टिअरिंग उलटं दिलं, बरोबर दिलं. घसरण थांबली. आणि थांबल्याबरोबर गाडी हिसका खाऊन दुसऱ्या बाजूला फिरली, पूर्ण गिरकी घेऊन उभी राहिली. पेला खाली.

"असं काऊन झालं?" त्यानं विचारलं. "मी तर बरोबर पकडली होती."

मित्र पुलियाच्या कठड्यावर छत्री घेऊन बसला होता, तिथून ओरडला, "पकडली बरोबर, सोडली नाही!"

तेच कारण होतं. घसरताना उलटं दिलेलं स्टिअरिंग, टायरनं पकड घेतली त्या क्षणी अजून उलटंच होतं. गाडी जिकडे चाकं तिकडे जाणार. पहिल्या घसरणीपेक्षा हा दुसरा झोका नेहमी जोराचा असतो, त्यात आधीचा दाबलेला स्प्रिंगही जोर घालतो. शेपूट परत यायला लागायच्या आधीच हात सरळ करायला सुरुवात करायची. मुरमावर चुकलं तर गिरकी. जिथे पकड एकदम मिळते तिथे चुकलं तर गाडी आडवी होते.

हे मी त्याला शास्त्रासारखं सांगत होतो. सांगता सांगता थांबलो. मित्राकडे बघितलं. त्यानं मान वळवली.

जुलै १९९८. मी एकोणीस वर्षांचा. संध्याकाळी कॅन उतरवून रिकामी ओम्नी घेऊन शेताकडून येत होतो, शेजारच्या सीटवर हा. पेरणीनंतरचे दिवस. ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर चढले की चाकांबरोबर काळी माती घेऊन येतात, त्यावर पाऊस पडला की रस्त्याचा तेवढा तुकडा साबणासारखा होतो. वैदर्भी माणसाला हे सांगायला नको. त्या चिखलावर हॅन्डब्रेक खेचला की ओम्नीचं शेपूट सुर्रकन फिरतं, हा शोध मला त्याच पावसाळ्यात लागलेला. चार-पाच वेळा करून झालं होतं. ड्रिफ्ट हा शब्द मी तेव्हा ऐकलेलाही नव्हता.

त्या दिवशी वेग जास्त होता. शेपूट नेहमीपेक्षा लांब गेलं. मी घाबरून पाय उचलला, स्टिअरिंग उलट्या बाजूला पूर्ण फिरवलं आणि तसंच धरून ठेवलं. चिखलाचा पट्टा संपला. पुढे पावसानं धुतलेलं स्वच्छ डांबर. चाकांनी पकड घेतली. मला आवाज आठवत नाही, फक्त आकाश खिडकीत आलेलं आठवतं. गाडी डाव्या अंगावर पडली, घसरत कडेच्या बाभळीवर गेली. समोर बोनेट नव्हतंच. त्याचा पाय पत्रा आणि सीटच्या मध्ये होता.

तो तेव्हा भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे वर्धा रोडला पळायचा, बाबांची दुधाची गाडी त्याच्या बाजूनं जायची तेव्हा बाबा हॉर्न द्यायचे.

बाबा दवाखान्यात आले. मी बोलायच्या आधी स्ट्रेचरवरून हाच म्हणाला, "काका, ब्रेक लागलेच नाही."

बाबा मटकन खाली बसले. मेकॅनिकनं त्यांना महिनाभर आधी सांगितलं होतं की मागचे ब्रेक शू झिजलेत, बदला. पेरणीचा खर्च होता, म्हणून त्यांनी पुढे ढकललं होतं. मित्राला हे माहीत नव्हतं. त्यानं मला वाचवायला समोर आलं ते पहिलं खोटं बोलून टाकलं होतं. आणि मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या दिवशी. नंतर बोलायची वेळ निघून गेली. बाबांनी ओम्नी विकली, एक एकर विकलं, त्याच्या घरच्यांनी न मागता सगळा खर्च केला. त्याच्या आईसमोर हात जोडून उभे राहिलेले मी पाहिलेत. २०११ मध्ये ते गेले.

हे सगळं मी भाच्याला ईकोच्या दारात उभं राहून सांगितलं. ठरवलेलं नव्हतं. मित्र लंगडत जवळ आला, म्हणाला, "झालं ते झालं बे. लेकराले कायले सांगतो आता?"

"आजोबांना खरंच नाही सांगितलं?" भाच्यानं विचारलं.

"नाही."

तो काही बोलला नाही. पेला उचलून फडक्यानं पुसला, बाटलीतून पाणी ओतलं, अर्धा भरला. "अजून एकदा करू का?" मित्राला विचारलं त्यानं, मला नाही. मित्र म्हणाला, "कर. पण हात आधी सोडायचे. गाडी काय म्हणते थे ऐक." मग दुपारपर्यंत तो करत राहिला. शेवटच्या तीन वेळा गाडी सरकली आणि हिसका न देता सरळ आली. पेल्यातलं पाणी सांडलंच, तेवढं चालायचं. मित्र त्याच्या बाजूच्या सीटवर बसला होता. डाव्या बाजूला.

पुण्याला परत आलो. ओम्नी घेतली नाही असं दाजींकडून कळलं. का नाही घेतली ते भाच्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याचे अधूनमधून मेसेज येतात, कॅस्टर वाढवला की स्टिअरिंग जड का होतं, असले. उत्तरं देतो.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "त्यानं सांगितलं मला."

"काय?"

"ब्रेकचं."

मी काहीच बोललो नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"माझ्या सायकलचे ब्रेकचे रबर बाबा दर महिन्याला बदलायचे, आठवते तुला?" ताई म्हणाली. "मी म्हणायची, बाबा, चांगले तर आहेत, कायले बदलता. ऐकायचे नाही. कॉलेज संपेपर्यंत बदलत होते."

मला आठवत होतं.